खाली सांडलेलं

जानेवारीत आमच्याकडे शेत झाडतात.
हसू नका. अंगण झाडावं तसंच झाडतात,
कमरेत वाकून, खराट्यानं,
या बांधापासून त्या बांधापर्यंत.

स्टायलो म्हणतात. लोक गवत समजतात, पण गवत नव्हे,
शेंगांच्या कुळातलं, तुरीच्या लांबच्या नात्यातलं.
पिवळं फूल, देठ चिकट;
कापायला गेलं की बाही धरतं
उधारी मागायला आल्यासारखं.
बी मात्र धरून ठेवत नाही.
आज एक पिकलं, आज सोडलं,
परवा दुसरं, कधी आठवड्यानं तिसरं.
कापणीचा मुहूर्तच नाही या पिकाला.
तेव्हा सगळं पडू द्यायचं,
मग फांद्या कापून, झटकून, बांधावर टाकायच्या
आणि जमीनच गोळा करायची.

ढिगात काय नसतं?
मुंग्यांची डोकी, म्हशीचं वाळकं शेण,
कुणाच्या तरी शर्टाचं बटण,
माती, माती, माती,
आणि तिळाहून बारीक, चोच असलेलं
आमचं वर्षाचं तेल-मीठ.

मी सात वर्षं समुत प्राकानच्या कारखान्यात
बायकांच्या आतल्या कपड्यांना हूक लावत होते.
तिथं डोळ्यांचं काम. इथं आईचे डोळे गेलेले,
दोन्हींत दुधासारखा मोतीबिंदू.
पण खामफाय कानानं पाखडते.
पत्र्यावर मूठ सोडते, मान कलती करते:
ही वाळू.
हे बी.
हे नुसतं टरफल, आत कुणी नाही.

चाळणीवर चाळणी, मग सूप, मग वारा.
वारा पडला तर विजेचा पंखा, अंगणात, लांब वायरीवर.

शनिवारी वीरोत येतो, पिकअप आणि तराजू घेऊन.
तळहातावर चिमूट घेतो, फुंकर मारतो.
उडालं ते आमचं, राहिलं त्याचे पैसे.
पुढं हे बी कुठं जातं?
तो देशांची नावं घेतो, मला पाठ होत नाहीत.
तिथल्या गाई आम्हाला ओळखणार नाहीत
एवढं कळतं.

यंदा ओन्सी मावशीचं पोतं तराजूवर चढलं
आणि काटा जरा जास्तच खुश झाला.
वीरोतनं चिमूट घेतली, फुंकली, परत फुंकली.
मग पत्रा आईपुढं सरकवला:
"आजी, तुम्ही ऐका बरं."

आईनं मूठ सोडली.
मी कारखान्यातली, मलासुद्धा ऐकू आलं.
ओन्सी मावशी चपलेच्या अंगठ्याकडं बघत होती.
तिच्या घरी काय चाललंय ते गावाला माहीत होतं,
वीरोतला नव्हतं.

"आज वारा फार," आई म्हणाली,
"कानात घुमतोय. काही कळत नाही बघ.
उद्या ये."

पान हलत नव्हतं.
वीरोतनं त्या न हलणाऱ्या पानांकडं पाहिलं,
टोपी काढली, परत घातली,
आणि पिकअप मागं घेतली.

रात्री आई म्हणाली, पंखा घे.
ओन्सीच्या अंगणात दोघी समोरासमोर बसल्या,
मधे बारीक चाळणी.
मी वायर धरून उभी.
कुणी विचारलं नाही, कुणी सांगितलं नाही,
फक्त सूं सूं पडत राहिली वाळू, आणि मधूनच खोकला
आतल्या खोलीतला.

सकाळी पोतं चार किलो हलकं.
पायरीशी वाळूचा ढीग,
त्यात ओन्सीचा नातू बोटानं रस्ता काढत होता.

पैसे आले, गेले. फेब्रुवारी संपत आलाय.
मी घर झाडते, केर सुपलीत भरते,
दाराशी जाते,
आणि हात थांबतो.
आतून आई विचारते, काय गं?
काही नाही, म्हणते मी,
आणि तो केर आधी
पत्र्यावर हळूच सोडून बघते.